छपरामागचा मोगरा

नोकरीची सगळी वर्षं मी एसटीच्या आरक्षण खिडकीत बसून लोकांना गावोगाव धाडलं आणि स्वतः मात्र पुंडलिकनगर ते खिडकी आणि खिडकी ते पुंडलिकनगर एवढाच मुलूख पालथा घातला. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बाई चारधाम करणार. मी गेले पाचोडला. तेही पाचोडच्या पुढं, माळावरच्या एका गवताच्या छपराला. ‘दीड-दोन तासांची वाट, त्याचं काय एवढं लिहायचं?’ असं आमच्या नणंदबाई, शैलाताई, अजूनही म्हणतात. त्या सोबत होत्या आणि त्यांनी तिथं काय केलं ते लिहिलं जाऊ नये असं त्यांना वाटतं, म्हणून म्हणतात. मी लिहिणार.

हा सगळा प्रकार सुरू झाला आमच्या सासूबाईंपासून. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांचं माहेर पाचोडजवळचं, घर जमीनजुमल्याचं. रझाकारांच्या धामधुमीत अक्का परकरी पोर होत्या. गावात राहणं धोक्याचं झालं तेव्हा घरातल्या बायका-मुली माळावरच्या धनगरांच्या छपरात जाऊन राहिल्या आणि पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर घरी परतल्या. एवढी गोष्ट अक्का सांगायच्या, आणि शेवटी हसून म्हणायच्या, ‘निघताना मी त्यांचा मोगरा चोरला.’ त्या फांदीचा मोगरा झाला. अक्का जिथं गेल्या तिथं तो गेला. सासरी गेला, मग शहरातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये गेला आणि शेवटी आमच्या पुंडलिकनगरच्या गच्चीवर मोठ्या कुंडीत विसावला. गोळीएवढ्या गच्च कळ्या, आणि वास असा की संध्याकाळी खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायची.

शेवटच्या आजारपणात अक्कांचं हसणं गेलं. माझा हात धरून म्हणाल्या, ‘माझी एक चोरी राहिलीये. तेवढी परत कर.’ मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण हो म्हणतोच, पण मी खरोखरच म्हटलं होतं.

पाचोडच्या वाटेवर

मोगऱ्याचं एक रोप मी वेगळं तयार केलं. नवी मातीची कुंडी आणली, तिला गेरू लावला, हळदकुंकू वाहिलं, गळ्याला जरीची फीत बांधली. रोप असं सजलं की शैलाताई म्हणाल्या, ‘वहिनी, याची मुंज करायचीय का?’ शिमगा होऊन गेला होता, पाडवा तोंडावर होता. तिकडं तेव्हा छपराची शाकारणी असते, म्हणजे जुनं गवत उतरवून नवं चढवतात, एवढं आम्ही अक्कांच्या माहेरच्या नात्यातून विचारून घेतलं होतं. राहायची सोयही त्यांनीच छपराच्या मालकिणीकडं लावून दिली.

बसमध्ये कुंडी माझ्या मांडीवर. वाहकानं खालीवर पाहिलं आणि विचारलं, ‘मावशी, ह्याचं हाफ का फुल?’ इतकी वर्षं खिडकीत बसून मी लोकांना उत्तरं दिली, पण त्या दिवशी मला एक सुचलं नाही. शैलाताईंनी दिलं, ‘फुलायचंय अजून.’ अख्खी बस हसली.

आडूळच्या पुढं खिडकीतून नजर निघेना. पळस नुसता पेटला होता. पान एकही नाही, सगळी फुलंच. कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी, मोसंबीच्या बागांत बारीक हिरव्या गोळ्या धरलेल्या, आणि मधेच शाळू काढून मोकळं झालेलं काळं रान. इतक्या जवळ हे सगळं दरवर्षी होत होतं आणि मी तिकिटं फाडत बसले होते, याचा मला रागच आला.

पाचोडला उतरलो तर आठवडी बाजार. शैलाताईंना बाजार दिसला की त्यांचे पाय जड होतात. त्यांनी गावरान लसूण घेतला, हातभर लांब शेवग्याच्या शेंगा घेतल्या आणि एका घोंगड्यावर अशी घासाघीस केली की विकणारा शेवटी म्हणाला, ‘बाई, तुमीच बसा हितं, म्या घरी जातो.’ घोंगडं घेतलं नाही. मी कुंडी कडेवर घेऊन उन्हात उभी.

छपरापाशी

रिक्षानं माळाच्या कडेला सोडलं. तिथून पायवाट. आणि मग ते दिसलं.

मी मनात काय काय धरून गेले होते. ऐतिहासिक म्हणजे पाटी असेल, कुंपण असेल. कुंपण होतं ते काट्याचं, शेरडांसाठी. पाटी नव्हतीच. माळावर एका मोठ्या बाभळीशेजारी बुटकं, रुंद छप्पर बसलं होतं. त्याच्या वळचणी इतक्या खाली आलेल्या की भिंती दिसतच नव्हत्या. शेजारी विटांचं दोन खोल्यांचं घर होतं, त्यात माणसं राहतात. छपरात आता कुणी राहत नाही, तरी ते रोज सारवतात. मुक्तिसंग्राम दिनाला गाव तिथं जमतं आणि झेंडावंदन होतं. मधे कुणीतरी पत्रे घालायचं सुचवलं होतं, गावानं ऐकून घेतलं आणि गवत आणलं.

पण मला वेड लावलं ते मागच्या बागेनं. एवढ्या कोरड्या माळावर जास्वंद, तगर, कण्हेर, गुलबक्षी, देशी गुलाब, जाईचा वेल, मरवा आणि ऐन भरात आलेला दवणा! वाफे नाहीत, ओळी नाहीत, जिथं जागा मिळाली तिथं झाड. मी कुंडी खाली ठेवून बघतच राहिले, आणि तेवढ्यात मला चोर दिसला.

एक बाई तगरीशी वाकून विळ्यानं फांदी कापत होती. कापली, पदराखाली घातली, आता गुलाबाकडं वळली. आणि चार हातांवर दुसरी एक बाई, माझ्याच वयाची, हिरव्या लुगड्यातली, तिच्याकडं पाठ करून एका कोंबडीशी तावातावानं बोलत उभी होती. माझी जात खिडकीतल्या बाईची. रांगेत कुणी मधे घुसलं तर मला आजही दिसतं. मी ओरडले, ‘ओ बाई! काय तोडताय? ठेवा ते आधी!’

विळेवाली दचकली. फांदी खाली पडली. हिरव्या लुगड्यातली बाई गर्रकन वळली आणि माझ्यावरच उखडली.

‘गप बसा की वो! माझी पाठ हाय, दिसत नाय का? कवाधरनं मी हितं कोंबडीसंगं बोलायलेय, ते काय येड लागलं म्हनून?’

ती साळूबाई. छपराची मालकीण. आणि विळेवाली होती पाचोडला कुणाकडं तरी आलेली पाहुणी, ती खालच्या मानेनं निघून गेली. साळूबाई मला म्हणाली, ‘आता तिची तगर नाय लागायची. लई लांबनं आली व्हती बिचारी.’

मग तिनं समजावून सांगितलं. त्या बागेचा दस्तूर असा, की कुणाला झाड द्यायचं नाही आणि कुणी मागायचं नाही. ज्याला हवं त्यानं चोरायचं. मालकिणीनं पाठ फिरवायची. पाठ फिरवायला निमित्त लागतं, म्हणून कधी कोंबडी, कधी चूल, नाहीतर मग चहा. चोरलेलं झाड लागतं हे मी शहरातही ऐकलं होतं, आमच्या गल्लीतल्या निम्म्या कुंड्या त्याच मार्गानं आल्यात. पण चोराला सवड मिळावी म्हणून मालकीण कोंबडीशी भांडते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी माफी मागितली. शैलाताई एवढ्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्या त्या आम्हीच, आणि कुणाच्या, हे कळल्यावर साळूबाईचा राग पळाला. शैलाताईंच्या तोंडावरून तिनं बोटं मोडली. ‘अगं माय! सुंदराअक्काची लेक? म्हंजे ह्या गावची भाची!’ आत जाऊन चहा घेऊन आली. शेळीच्या दुधाचा, दाट, गोड चहा. यायला इतका वेळ का लागला, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘शेळीचं दूध हाय, दमानं उकळावं लागतं.’ तेवढ्या वेळात दोन पोरींनी मरवा उपटून नेला होता. मी मुकाट बसून होते. लवकर शिकते मी.

चहा झाल्यावर मी कुंडी उचलली आणि तिच्यापुढं धरली. काय बोलायचं ते बसमध्येच ठरवून ठेवलं होतं.

‘साळूबाई, हा तुमचा मोगरा. आमच्या सासूबाईंनी नेला होता. त्यांनी परत द्यायला सांगितलंय.’

रोपाला एकच कळी होती. साळूबाईनं वाकून वास घेतला आणि तशीच राहिली. वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

‘ह्योच,’ ती म्हणाली. ‘सासूबाईच्या हातचा. ह्योच.’

हात पुढं आला, कुंडीच्या काठाला लागला, आणि तिनं तो चटका बसल्यासारखा मागं घेतला. ‘नाय वो. मला नाय घेता येत.’

‘का?’

‘दिलेलं लागत नाय.’

मला वाटलं, चेष्टा करतेय. तिनं मला छपराच्या मागं नेलं. तिथं भिंतीलगत एक आळं होतं, मातीचा गोल बांध घातलेलं, आतली माती ओली, आणि झाड नाही. रिकाम्या आळ्याला पाणी.

‘हितं व्हता,’ ती म्हणाली. ‘दुष्काळाच्या सालात पानी टँकरचं. मेंढरालाच पुरंना. सासू म्हनायची, साळे, त्याला तांब्याभर घाल. म्या नाय घातलं. मेंढरं जगली, झाड गेलं. सासू काय बोलली नाय मला. बोलली असती तं बरं झालं असतं.’ तेव्हापासून हात धुतलेलं पाणी ती त्या आळ्यात टाकत होती. नर्सरीचा मोगरा लावून पाहिला, तो फुलला, पण वास हा नाही. गावातल्या एकीकडं याच मोगऱ्याचं रोप होतं, तिनं हौसेनं आणून दिलं आणि साळूबाईनं हौसेनं घेतलं. ते जळालं. मग गावात सगळीकडं अंगणं सिमेंटची झाली आणि हा मोगरा कुठंच उरला नाही. आमच्या गच्चीवर सोडून.

आता सांगा, अशा वेळी माणसाचं डोकं तापेल की नाही? इकडं अक्कांचा शब्द, तिकडं रिकामं आळं, मधे सजवलेली कुंडी घेऊन मी, आणि ही बाई घेत नाही. मी म्हटलं, ‘साळूबाई, झाडाला काय कळतं, दिलं की चोरलं?’

‘झाडाला नाय कळत. देनाऱ्याला कळतं,’ ती शांतपणे म्हणाली. ‘दिलं की मानूस इचारत बसतं, लागलं का, पान फुटलं का. त्याच्या बोलन्यानंच मरतंय ते. चोरलेल्याची कुनी चौकशी करत नाय. निवांत मुळं धरतं.’

मी एक शक्कल लढवली. कुंडी ओट्यावर ठेवली, लांब जाऊन पाठ करून उभी राहिले आणि कोंबडीशी बोलायला लागले. मागून हसण्याचा आवाज आला.

‘वैनी, माझ्याच दारातनं मी चोरू व्हय? चोरी दुसऱ्याच्या दारात करायची असती!’

संध्याकाळी ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-धान्याच्या मसाल्याची आमटी, आणि आम्ही आणलेल्या शेवग्याच्या शेंगांची भाजी झाली. आमटी अशी झणझणीत की नाकातून पाणी, आणि तरी मी दुसऱ्यांदा मागितली. पण कुंडी ओट्यावर तशीच होती, येताजाता दिसत होती.

शाकारणी

सकाळी गाव गोळा झालं. प्रत्येक घरातून गवताची एक पेंढी. कुणी डोक्यावर, कुणी सायकलवर, एक जण तर मोटारसायकलीला आडवी बांधून आला आणि पायवाटेवर त्यानं दोघांना खरवडलं. साळूबाईचे मालक, खंडूमामा, आढ्यावर चढून बसले होते. जुनं गवत भराभर खाली येत होतं. उघड्या वाशांतून ऊन थेट आत पडलं आणि मी पहिल्यांदा छप्पर आतून नीट पाहिलं. बाभळीच्या मेढी म्हणजे खांब, तुराट्यांच्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप. आमच्या घरात कुणाला वाकून शिरावं लागत नाही आणि उन्हाळ्यात कूलर घरघरल्याशिवाय बसवत नाही. इथं वाकलं की थंड.

‘ह्यातलं जुनं काय आहे मग?’ मी खंडूमामांना विचारलं. ‘गवत दरसाल नवं. तुराट्याही बदलता.’

‘मेढी बी बदलल्यात दोन डाव,’ ते वरून म्हणाले. ‘जुनं म्हंजे जागा. अन् पेंढ्या आननारी घरं. पेंढी कमी पडली नाय आजवर.’

गवत मात्र द्यायचं असतं, चोरायचं नसतं. इथं चोरीचं गवत घातलं तर छप्पर गळतं म्हणतात. माझ्याकडं पेंढी नव्हती, म्हणून मी खालून वर पेंढ्या द्यायचं काम घेतलं. साडीत कुसळं, केसात कुसळं, कुठं कुठं कुसळं ते सांगत नाही. इतकी वर्षं खुर्चीत बसलेल्या बाईचे हात भरून आले, पण सांगते, माझ्या लग्नातही मी एवढी खूश नव्हते. आमचे ‘हे’ सगळं वाचणार आहेत, वाचू देत.

दुपारी बाभळीखाली सगळ्यांना दही-धपाटे. तिथं साळूबाईनं दस्तूर कसा सुरू झाला ते सांगितलं. तिची सासू म्हाळसाबाई तेव्हा नवी नवरी होती. गावातल्या लेकीबाळी छपरात आल्या तेव्हा तिनं सगळ्यांना आपली लुगडी नेसवली, डोक्यावर घोंगडी दिली आणि दिवसा मेंढरामागं धाडलं, म्हणजे कुणी आलंच तर धनगराच्याच बाया दिसाव्यात.

‘तुमची सुंदराअक्का लहान. तिला कोकरू द्यायची उचलाया,’ साळूबाई म्हणाली. ‘मग पोलीस अ‍ॅक्शन झालं, घरनं बैलगाड्या आल्या. सगळ्या रडाया लागल्या. सासूनं ठरवलं व्हतं, आपन रडायचं नाय. तशी ती पाठ करून उभी ऱ्हायली, चुलीकडं तोंड करून. तेवढ्यात ह्या पोरीनं मोगऱ्याची फांदी मोडली. सासूला आवाज आला. पन डोळं पुसल्याबिगर वळावं कसं? म्हनून वळली नाय. दुसऱ्या साली कळलं, फांदी लागली. तवापासनं पाठ फिरवायची.’

शैलाताई रडत होत्या. मीही रडत होते, कुसळांचं निमित्त होतंच. सगळा जन्म अक्का ज्याला चोरी म्हणत आल्या, त्याचा इथं दस्तूर झाला होता, आणि त्यांना ते कुणी कळवलं नव्हतं.

निघताना मी बागेकडं पाहिलं तर शैलाताई नाहीत. साळूबाई घाईघाईनं म्हणाली, ‘थांबा, मी तुमाला धपाटे बांधून आनते,’ आणि आत गेली. छपरामागून शैलाताई आल्या त्या छत्री उलटी धरून. चैत्राच्या तोंडावर छत्री! त्यातून देशी गुलाबाचा काटा बाहेर आला होता. हेच ते, जे लिहू नये असं त्यांना वाटतं. कुंडी आम्ही परत नेली. बसमध्ये वाहक तोच. ‘काय मावशी, परत आनलं?’ म्हणाला. त्या दिवशी मला उत्तर सुचलं, पण ते छापण्यासारखं नाही.

निघण्यापूर्वी मी साळूबाईला चैत्राच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं होतं. मोगऱ्याबद्दल अक्षर बोलले नाही. तीही बोलली नाही. फक्त म्हणाली, ‘शहरात मला घेरी येती. पन येते.’

पुंडलिकनगर

ती आली. क्रांती चौकात तिला घ्यायला गेले तर रस्त्याच्या कडेला हिरवं लुगडं नेसून, पिशवी छातीशी धरून उभी, आणि गाड्यांच्या गर्दीकडं अशी बघत होती की यातलं एक जरी मेंढरू असतं तरी तिनं सगळी वळवली असती.

मी तयारी जय्यत केली होती. तेच सजवलेलं रोप गच्चीच्या दाराशी, हाताला येईल असं ठेवलं. शेजारी रिकामी कापडी पिशवीसुद्धा टाकून ठेवली. चोराची एवढी सोय आजवर कुणी केली नसेल. अक्कांचा जुना मोगरा तिकडं कोपऱ्यात, मोठ्या कुंडीत.

गच्चीत चटईवर तिला बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली, आंब्याची डाळ दिली. मग म्हटलं, ‘पन्हं करून आणते.’ आणि शैलाताईंना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. पन्हं सकाळीच करून ठेवलं होतं. आता करायचं काय? मी पातेली घासायला घेतली, घासलेलीच. शैलाताई हळूच दाराकडं सरकल्या तशी मी त्यांच्या हातात झारा दिला आणि म्हटलं, ‘वाजवा.’ दोघी ओट्याकडं तोंड करून भांडी वाजवत उभ्या होतो. गच्चीवरून कट्कन आवाज आला. मला माहीत होतं वळायचं नाही. आणि खरं सांगते, वळता आलंच नसतं, डोळे पुसल्याशिवाय कसं वळणार?

पन्हं घेऊन बाहेर आलो तर साळूबाई चटईवर होती तशीच. दाराशी सजवलेलं रोप जागच्या जागी, पिशवीही तशीच. मी तिच्या हातात पेला दिला. मग कोपऱ्यात पाहिलं. जुन्या मोगऱ्याची पलीकडच्या बाजूची एक फांदी नव्हती. मी काढून ठेवलेलं तिनं घेतलंच नव्हतं. काढून ठेवलेलं म्हणजे दिलेलंच की.

‘लई चांगलं झालंय पन्हं,’ ती म्हणाली. तिच्या पदराचा एक कोपरा ओला होता आणि त्याला गाठ मारलेली होती.

वैशाखाचं ऊन, मुळं नसलेली फांदी आणि माळावरची जमीन. मला तिची काळजी खाऊन टाकत होती, पण विचारायचं नव्हतं. मी विचारलं नाही. फोन हातात घेऊन खाली ठेवला, असं किती वेळा झालं असेल. शैलाताईंचा गुलाब मात्र असा माजला की बघायला नको.

आज सकाळी

एक गोष्ट राहिली. त्याच उन्हाळ्यात मी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेले. इकडं नळाला पाणी येईना, टँकर लांबले, आणि गच्चीवर कुणाचं लक्ष नाही. मी परतले तेव्हा दोन्ही मोगरे काटक्या झाले होते. पावसाळाभर मी नखानं साल खरवडून हिरवं शोधत राहिले. नव्हतं. अक्का गेल्या तेव्हा मी घरातल्या माणसांसाठी स्वतःला आवरलं होतं. आशा सोडली त्या दिवशी गच्चीवर कुणी नव्हतं, पोटभर रडले. साळूबाईनं मेंढरांना दिलेलं पाणी आणि तिच्या सासूचं गप्प राहणं मला तेव्हा कळलं. हे मी कुणाला कळवलं नाही.

आज सकाळी फोन वाजला. साळूबाई.

‘वैनी, शिमगा झाला. शाकारणीला येताय नव्हं?’

मी म्हटलं, ‘येते की.’ मग कोंबड्यांची चौकशी झाली, खंडूमामांच्या गुडघ्याची झाली. मोगऱ्याचं तिनं काढलं नाही, मी काढलं नाही. शेवटी तीच म्हणाली, ‘औंदा हितं सांजच्याला बसवत नाय बगा. छपरामागनं वास लई येतो.’

फोन कानाशी धरून मी गच्चीवर गेले. कोपऱ्यात अजून त्याच काटक्या. तिनं विचारायला हवं होतं, तुमचा कसा आहे म्हणून. पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि तिनं दिला असता, आणि दिलेला लागला नसता. ती बराच वेळ माझं गप्प राहणं ऐकत राहिली.

‘या तुमी,’ मग ती म्हणाली. ‘आल्यावर मी चहा ठिवते. शेळीचं दूध हाय, मला लई येळ लागतो.’

यंदा माझी पेंढीही असणार आहे, पाचोडच्या बाजारातून घेणार. आणि पिशवीच्या तळाशी मी आत्ताच एक फडकं घालून ठेवलंय, ओलं करायला.